अंतराळातला जीवशास्त्राचा प्रयोग कसा आखायचा: पुण्यातल्या शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी

जून २०२५ मधे शुभांशू शुक्ला अवकाश स्थानकावर गेले आणि तिथे त्यांनी चक्क मूग आणि मेथीला मोड आणले, तेव्हापासून मी ज्या मुलांना सायन्स प्रोजेक्टला मदत करते त्यातली बरीचशी हेच विचारतात की मॅडम आपला प्रयोग वर पाठवता येतो का. येतो. आणि ही काही नवीन गोष्ट नाहीये, १९७३ मधे स्कायलॅब या अमेरिकेच्या अवकाश स्थानकावर ज्युडिथ माइल्स नावाच्या अमेरिकन शाळकरी मुलीने सुचवलेला प्रयोग गेला होता, कोळी वजनरहित अवस्थेत जाळं विणू शकतो का हा तिचा प्रश्न. अ‍ॅराबेला आणि अनिता अशा दोन कोळ्यांच्या माद्या वर गेल्या, आधी वेडंवाकडं विणलं, मग सवय झाल्यावर बऱ्यापैकी नीट जाळं केलं. प्रश्न किती साधा आहे बघा, एका ओळीत मावतो, आणि उत्तर पृथ्वीवर बसून मिळूच शकत नाही.

मला या सगळ्या लेखात खरं तर हे एकच सांगायचंय. निवड होते ती अशा छोट्या प्रश्नाची जो वर गेल्याशिवाय सुटत नाही आणि जो एका बंद डब्यात, तुमचा हात न लागता, सुटू शकतो. बाकी सगळं याच्या मागून येतं.

आधी स्पर्धा कोणत्या आणि कुणासाठी ते पटकन बघून घेऊ

हे आधी यासाठी की आईबाबा गुगलवर काहीतरी बघतात, मुलं महिनाभर राबतात, आणि मग कळतं की आपण पात्रच नाही.

सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे जीन्स इन स्पेस. बोइंग आणि मिनीपीसीआर (डीएनएवर काम करणारी छोटी यंत्रं बनवणारी कंपनी) यांनी २०१५ मधे सुरू केलेली, डीएनएवरचा प्रयोग सुचवायचा, जिंकलेला प्रयोग अवकाश स्थानकावर होतो. पण ती अमेरिकेत शिकणाऱ्या सातवी ते बारावीच्या मुलांसाठी आहे, त्यामुळे तुमचा मावसभाऊ न्यू जर्सीत असेल तर त्याला सांगा, तुम्हाला इथून भरता येणार नाही. तरी तिचे जुने विजेते प्रयोग जरूर वाचा, कारण चांगला प्रस्ताव कसा दिसतो हे तिथे कळतं. मिनेसोटातल्या मुलांनी विचारलं की रेडिएशनमुळे डीएनए तुटतो तेव्हा पेशी तो कशी जोडते आणि ही दुरुस्ती वजनरहित अवस्थेत वेगळी होते का. आता रेडिएशनने डीएनए कुठे तुटेल हे आपल्या हातात नसतं, म्हणून त्यांनी यीस्टमधे क्रिस्परने, म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापायच्या तंत्राने, ठरलेल्या जागी काप द्यायचं सुचवलं, आणि २०१९ मधे अवकाशात क्रिस्पर पहिल्यांदा वापरलं गेलं ते या मुलांच्या प्रयोगात. दुसरी एसएसईपी, म्हणजे स्टुडंट स्पेसफ्लाइट एक्स्पेरिमेंट्स प्रोग्रॅम, ती मुख्यतः अमेरिका-कॅनडातल्या शाळांची, तिथे शाळेने किंवा गावाने मिळून पैसे उभे करून भाग घ्यायचा असतो.

भारतातून भरता येतात अशांमधे नॅशनल स्पेस सोसायटीची स्पेस सेटलमेंटची स्पर्धा आहे, त्यात प्रयोग पाठवायचा नसतो, अंतराळातल्या वस्तीचं डिझाइन लिहायचं असतं, पण अन्न, हवा, पाणी, झाडं या भागात जीवशास्त्र भरपूर येतं आणि आपल्याकडची मुलं त्यात वर्षानुवर्षं बक्षिसं मिळवतायत. प्लांट द मून चॅलेंजमधे चंद्राच्या मातीसारखी बनवलेली माती किटमधे येते आणि त्यात रोपं वाढवून दाखवायची, किट परदेशातून येणार त्यामुळे खर्च आणि कस्टमचं आधी विचारून घ्या. क्यूब्स इन स्पेस ११ ते १८ वयासाठी, चार सेंटीमीटरच्या घनात बसेल असा प्रयोग नासाच्या साउंडिंग रॉकेटवर (वर जाऊन लगेच खाली येणारं छोटं रॉकेट) किंवा बलूनवर जातो, तमिळनाडूतल्या मुलांचं ६४ ग्रॅमचं कलामसॅट २०१७ मधे याच मार्गाने उडालं होतं. मात्र रॉकेटवर वजनरहित अवस्था मिळते काही मिनिटंच, त्यामुळे बी रुजण्यासारखे प्रयोग तिथे जमत नाहीत हे लक्षात घ्या.

कॉलेजवाल्यांसाठी सगळ्यात खरा रस्ता म्हणजे इस्रोचं पोएम. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम झाल्यावर फेकून न देता कक्षेत फिरता ठेवतात आणि त्यावर बाहेरच्या संस्थांचे पेलोड, म्हणजे प्रयोग आणि उपकरणं, बसवतात, अर्ज इन-स्पेस या केंद्र सरकारच्या संस्थेमार्फत. ३० डिसेंबर २०२४ च्या पीएसएलव्ही-सी६० वर २४ पेलोड होते त्यातले १० बाहेरच्यांचे, आणि त्यात आपल्या पुण्याच्या एमआयटी-डब्ल्यूपीयूचा एक होता, मुंबईच्या अ‍ॅमिटीचा पालकाच्या पेशींचा होता, बंगळुरूच्या आर व्ही कॉलेजचा आतड्यातल्या बॅक्टेरियाचा होता. आणि सीओईपीच्या मुलांनी बनवलेला जेमतेम एक किलोचा 'स्वयम्' उपग्रह तर २०१६ मधेच गेलाय, तेव्हा पुण्यातनं हे होत नाही असं कुणी म्हणू नये.

एक सूचना, भरपूर फी घेऊन "तुमचा प्रयोग अंतराळात" असं सांगणाऱ्या जाहिराती दिसल्या की विचारा: कोणतं रॉकेट, किती उंची, किती वेळ, डेटा कुणाकडे येणार. याची उत्तरं लेखी मिळाली नाहीत तर पैसे भरू नका.

प्रश्न कसा शोधायचा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, खरंच, निम्मा वेळ इथे गेला तरी चालेल.

पहिली गोष्ट, अवकाश स्थानकावर गुरुत्वाकर्षण नसतं असं लिहिलंत की परीक्षक तिथेच थांबतात. ४०० किलोमीटरवर जमिनीच्या सुमारे ९० टक्के गुरुत्वाकर्षण असतंच, पण स्थानक आणि त्यातलं सगळं एकत्र पडत असतं म्हणून वजन जाणवत नाही. जीवशास्त्राच्या दृष्टीने याचा परिणाम काय तर जड कण तळाशी बसत नाहीत, गरम हवा वर जात नाही, बुडबुडे वर येत नाहीत, पाणी ज्याला लागेल त्याला चिकटून त्याच्याभोवती थर करून बसतं. तुमचा प्रश्न या चारपैकी कशाशी तरी जोडलेला असला पाहिजे, नाहीतर रेडिएशनशी.

मग स्वतःला विचारा की पृथ्वीवर गुरुत्वाकर्षणामुळे काय झाकलं जातंय. जपानी शास्त्रज्ञांचा काकडीच्या मुळांचा प्रयोग याचं मला फार आवडणारं उदाहरण आहे. मूळ खाली जातं ते गुरुत्वाकर्षणाने, पण मुळाला ओलाव्याकडेही वळायचं असतं, आणि जमिनीवर पहिली ओढ इतकी जोरदार की दुसरी दिसतच नाही. वर नेल्यावर पहिली गेली आणि काकडीची मुळं पाण्याकडे वळताना स्वच्छ दिसली. म्हणजे अंतराळ हे इथे नुसतं भारी ठिकाण म्हणून आलेलं नाही, ते प्रयोगाचं उपकरणच आहे. असा प्रश्न हवा.

"अंतराळात झाड वाढेल का" हा प्रश्न आता नका विचारू, त्याचं उत्तर मिळून चाळीस वर्षं झाली, १९८२ मधे साल्यूत-७ या सोव्हिएत स्थानकावर अराबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातलं छोटं रोप फुलून त्याला बियासुद्धा धरल्या. २०१५ मधे अंतराळवीरांनी वर पिकवलेलं लेट्यूस खाल्लंय. "कॅन्सरवर औषध शोधणं" हाही नको, मुलांची तळमळ खरी असते पण तो एका डब्यातला प्रश्न नाही.

मग आपल्या स्वयंपाकघरात बघा. अळीव घ्या. लाडवासाठी भिजवले की त्याच्याभोवती बुळबुळीत थर येतो, सब्जाला येतो, जवसालाही येतो, मुगाला येत नाही. आता वर काय होणार, पाणी बीला चिकटून बसणार, हवा हलत नाही त्यामुळे बीला ऑक्सिजन पोचायला त्रास, वर रोपांची मुळं गुदमरतात ही माहीत असलेली अडचण आहे. मग ज्या बीला स्वतःचाच असा थर आहे तिला वजनरहित अवस्थेत जास्त त्रास होईल की तो थर पाणी धरून ठेवून उलट फायद्याचा ठरेल? म्हणजे प्रश्न असा: तेवढंच पाणी दिलं तर अळीव आणि मूग यांच्या रुजण्याच्या प्रमाणात वर आणि खाली किती फरक पडतो. बघा, दोन बिया, एक पाणी, मोजायची एक गोष्ट. हे मी उदाहरण म्हणून देतेय, जसंच्या तसं उचलू नका, आपल्या घरातलं काहीतरी शोधा, पण वळण असं ठेवा.

प्रश्न ठरला की त्यावर आधी काय झालंय ते शोधायचंच. काकडीचं झालंय, लेट्यूसचं झालंय, मूग-मेथी शुक्लांच्या मोहिमेत झाली, इस्रोने क्रॉप्स नावाच्या डब्यात चवळीच्या आठ बिया रुजवल्या आणि चौथ्या दिवशी मोड आले. यात तुमचं नवीन काय हे दोन वाक्यांत लिहिता आलं पाहिजे.

डबा, आणि तुमचा हात नसणं

प्रयोग आखताना मुलं शाळेच्या लॅबसारखा विचार करतात, की मग मी दर दोन तासांनी बघेन, पाणी घालेन, मायक्रोस्कोपखाली धरेन. तुम्ही तिथे नसणार. अंतराळवीराचा वेळ ही वरची सगळ्यात महाग वस्तू आहे. एसएसईपीच्या मुलांना मिळते ती एक बंद नळी, क्लिप लावून तिचे दोन किंवा तीन कप्पे करता येतात, आणि अंतराळवीर ठरलेल्या दिवशी क्लिप काढणार, नळी हलवणार, बस. एका कप्प्यात कोरडी बी, दुसऱ्यात पाणी, तिसऱ्यात पेशी आहेत त्याच अवस्थेत थांबवून ठेवणारं द्रव्य. पहिली क्लिप काढली की प्रयोग सुरू, दुसरी काढली की बंद. एवढ्यात बसवा. मला विचाराल तर परदेशी स्पर्धा नसली तरी हीच चौकट धरून प्रयोग आखायचा सराव करा, डोकं फार स्वच्छ होतं.

तिसऱ्या कप्प्याचं महत्त्व मुलांच्या लवकर लक्षात येत नाही. बी वर रुजली, मग यान परत आलं, समुद्रात उतरलं, डबा तुमच्यापर्यंत यायला काही तास किंवा दिवस गेले, तेवढ्यात मूळ पुन्हा गुरुत्वाकर्षणात वाढलं, आता जे तुम्ही मोजताय ते नक्की कुठलं? म्हणून प्रयोग वरच थांबवावा लागतो, रसायनाने किंवा गोठवून, शुक्लांनीही मोड आल्यावर ते फ्रीजरमधे ठेवले होते. फॉर्मालिनसारखं विषारी काही वापरणार असाल तर ते गळू नये म्हणून जास्त थरांची बंदिस्ती लागते, ते आधीच लिहा.

आणि पोएमवर तर परत येणंच नाही, काम झालं की कालांतराने ते वातावरणात जळून जातं. म्हणजे जे काही कळायचं ते कॅमेरा आणि सेन्सरमधून, त्यामुळे मोजायची गोष्ट फोटोत दिसणारी हवी, रंग, लांबी, मोड आले की नाही. जीन किती चालू झाला वगैरे तिथे विसरा. स्पर्धेचे नियम हातात आले की पहिला प्रश्न हाच, डबा परत येणार का? यावर अर्धा प्रयोग ठरतो.

उशीर हा प्रयोगाचाच भाग धरा. शुक्लांचं यान आधी २९ मे ला जायचं होतं, पुढे ढकलत ढकलत २५ जूनला गेलं. दह्याचं विरजण किंवा आधीच भिजवलेली बी घेऊन तुम्ही तयार बसला असतात तर महिनाभरात काय राहिलं असतं. कोरडी बी टिकते, बॅसिलससारख्या बॅक्टेरियाचे स्पोर (सुप्त बीजाणू) टिकतात, कोरडं यीस्ट टिकतं, टार्डिग्रेड हा अगदी सूक्ष्म प्राणी वाळलेल्या अवस्थेत टिकतो, म्हणून हे सगळे वर जाणाऱ्यांत सारखे दिसतात. "दोन महिने उशीर झाला तरी चालेल, कारण..." असं वाक्य प्रस्तावात असलं की परीक्षकाला कळतं या मुलांनी खरंच विचार केलाय. आणि हेही मुलांना आधीच सांगून ठेवा की रॉकेट फुटूही शकतं, ऑक्टोबर २०१४ मधे अँटारिस उडाल्यावर काही सेकंदांतच कोसळलं, त्यात शाळकरी मुलांचेही प्रयोग होते. म्हणून बियांचा तोच लॉट, तेच द्रावण, दुसरा संच खाली जपून ठेवायचा.

रोग पसरवणारे जंतू कुणी सुचवूच नका. बेकरीचं यीस्ट, निरुपद्रवी ई. कोलाय, बिया, शेवाळ यांत भरपूर काम आहे.

कंट्रोल

तुलनेसाठी वर गेलेल्या डब्याचा जुळा डबा खाली हवा, त्याच दिवशी सुरू, त्याच दिवशी बंद, आणि वरच्या तापमानाची नोंद मिळत असेल तर खालचाही त्याच तापमानात. पुण्यात हे फार जाणवतं, मे महिन्यात दुपारी ३८-४० आणि डिसेंबरात पहाटे १० च्या आसपास, एक प्लेट दिवाळीत आणि दुसरी परीक्षेनंतर केली तर तुम्ही हवामान मोजताय, गुरुत्वाकर्षण नाही.

लपलेली कारणं किती फसवतात याचं एक उदाहरण देते. २०११ मधे शाळेतल्या मुलांसाठी म्हणून अवकाश स्थानकावर पुन्हा कोळी नेले होते. पृथ्वीवर कोळ्याचं जाळं वरखाली सारखं नसतं, मध्य वरच्या बाजूला सरकलेला असतो आणि कोळी डोकं खाली करून बसतो. वर अपेक्षा होती की सगळी जाळी सारख्या आकाराची होतील, तर काही झाली आणि काही नाही. हजारो फोटो तपासल्यावर लक्षात आलं की विणताना दिवा चालू असला की कोळी दिव्याची बाजू म्हणजे वर असं धरून विणतो. दिव्याचा विचार सुरुवातीला कुणीच केला नव्हता. तुमच्या प्रयोगातला दिवा कोणता, हे स्वतःला विचारा, आणि ते सापडलं की तेवढं एक सोडून बाकी सगळं दोन्हीकडे सारखं ठेवा.

घरी करून बघायचं: अळीव आणि क्लिनोस्टॅट

नुसत्या कागदावरच्या प्रस्तावापेक्षा थोडा स्वतःचा डेटा असलेला प्रस्ताव खूप वजनदार होतो. क्लिनोस्टॅट म्हणजे रोपाला आडव्या दांड्यावर सावकाश फिरवत ठेवणारं यंत्र, गुरुत्वाकर्षण जात नाही पण त्याची दिशा सतत बदलत राहते त्यामुळे मुळाला खाली कुठे ते कळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंतराळ कार्यालयाने जगभरच्या शाळा आणि संस्थांना अशी यंत्रं वाटली आणि शिक्षकांसाठी त्याची पुस्तिकाही काढली आहे. आपण आपलं बनवू शकतो.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जा, १२ व्होल्टची गिअर मोटर मागा, ५ किंवा १० आरपीएमची (म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्या), आणि तिचा अ‍ॅडॉप्टर. मायक्रोवेव्हची ताटली फिरवणारी मोटरही चालते असं नेटवर दिसेल, पण ती बहुतेक वेळा थेट घरच्या विजेवर चालते आणि इथे पाणी आहे, मुलांच्या हातात देऊ नका. वेग का महत्त्वाचा ते गणिताने बघा, ९ सेंटीमीटरच्या पेट्री डिशमधे कडेची बी मध्यापासून ४ सेंटीमीटरवर असते, १० आरपीएमला तिच्यावर बाहेर फेकणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी येतो, पण ६० आरपीएमला तोच सोळा टक्के होतो आणि मग मूळ त्याच्याच दिशेने वळायला लागेल. हे गणित प्रस्तावात लिहा, दहावीच्या मुलाला येतं.

अळीव यासाठी की त्याचा बुळबुळीत थरच त्याला चिकटवून ठेवतो. मूग जड असतो, प्लेट उभी केली की घरंगळतो. जगभर मुळांच्या अशा प्रयोगांसाठी अळीव खूप वापरले जातात आणि आपल्याकडे ते किराणा दुकानात मिळतात, फक्त एकाच पुडीतले घ्या आणि आधी वीस-तीस भिजवून किती रुजतात ते बघा, जुने असतील तर बदला.

चायना ग्रास, साधा, साखर-फ्लेवर नसलेला, १०० मिली पाण्याला १ ग्रॅम, उकळून प्लेटमधे ओता आणि थंड होऊ द्या. पाणी उकळून गार केलेलं, नळाचं थेट नको. भिजवलेले अळीव चिमट्याने एका ओळीत ठेवा, प्लेटमागे मार्करने बाण काढा, प्रत्येक प्लेटमधे निदान दहा. झाकण लावून कडेने मायक्रोपोर टेप, वरून अ‍ॅल्युमिनियम फॉइल, कारण उजेडाकडे वळणं आपल्याला इथे नको आहे. मूळ फुटून थोडं सरळ खाली वाढेपर्यंत सगळ्या प्लेट बाण खाली करून उभ्या ठेवा, साधारण एक दिवस जातो. मग तीन गट करा. पहिला नुसता नव्वद अंशांत वळवून उभा ठेवायचा. दुसरा आडव्या दांड्यावर फिरणारा. आणि तिसरा, जो बहुतेक जण विसरतात, तसाच नव्वद अंशांत वळवून तशाच मोटरवर पण दांडा आकाशाकडे, प्लेट मात्र क्लिपने उभीच धरलेली, म्हणजे फिरणं आणि मोटरची थरथर तीच, फक्त खालची दिशा शाबूत. पहिल्या आणि तिसऱ्यात मुळं खाली वळली आणि दुसऱ्यात होती त्याच दिशेने चालत राहिली तर मग तुम्ही म्हणू शकता की फरक फिरण्याचा नाही, दिशेचा आहे. हा तिसरा गट दिसला की परीक्षक मुलाखतीत तुमच्याशी वेगळ्या आदराने बोलतात.

बारा ते चोवीस तासांनी मोबाइल स्टँडवर ठेवून फोटो, शेजारी पट्टी. इमेजजे नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात कोन मोजता येतो, सगळ्या मुळांचे मोजा, जी "बिघडलेली" वाटतात तीही, आणि सरासरीबरोबर पसारा किती आहे तेही लिहा. वीज गेली, मोटर थांबली, तर वेळ वहीत टाका आणि ती फेरी बाजूला ठेवा.

अळीव-मुगाच्या पाण्याच्या थराचा प्रश्न मात्र क्लिनोस्टॅटवर पूर्ण दाखवता येणार नाही, कारण पाणी इथे खाली ओघळणारच. घरी एवढंच करा की पाणी कमी, मध्यम, जास्त दिलं तर दोन्ही बिया कशा रुजतात, आणि मग लिहा की पुढचा भाग जमिनीवर का होत नाही. हेच तर परीक्षकांना ऐकायचंय.

लिहिताना

प्रश्न पहिल्या परिच्छेदात. "मानवजात मंगळावर जाणार आहे" अशी सुरुवात नको, सगळेच तसं लिहितात. अंदाज आकड्यात आणि दिशेसकट लिहा, "फरक पडेल" असं नाही तर "अळिवाचं रुजण्याचं प्रमाण मुगापेक्षा जास्त घसरेल, कारण". आणि उलटं निघालं तर त्याचा अर्थ काय होईल तेही लिहा, हे फार कमी जण लिहितात. आकृती हाताने काढलेली चालते पण मापं हवीत. मग एक छोटा तक्ता, कोणत्या दिवशी अंतराळवीराने काय करायचं, किती मिनिटं. मराठीत विचार करून मग इंग्रजीत उतरवलं तरी चालतं, मी तर म्हणेन आधी आजीला मराठीत समजावून बघा, तिने "मग इथेच का नाही करत?" विचारलं आणि तुमच्याकडे उत्तर असलं की लिहायला बसा. एआयकडून लिहून घेतलेलं मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत उघडं पडतं.

पुण्यात मदत कुठे

आपल्याकडे हे इतकं जवळ आहे आणि आपण जात नाही याची मला खरंच खंत वाटते. आयुकाची मुक्तांगण विज्ञान शोधिका शाळकरी मुलांसाठीच आहे. पाषाणला आयसर आणि एनसीएल या राष्ट्रीय संशोधन संस्था. एनसीएलमधे एनसीआयएम हा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे आणि पुण्यातच एनसीएमआर हा राष्ट्रीय संग्रह, यीस्ट किंवा बॅक्टेरियाचा नेमका स्ट्रेन हवा असेल तर शाळा-कॉलेजच्या लेटरहेडवर शिक्षकांमार्फत रीतसर मागा, शुल्क असतं. बियांबद्दल विचारायचं तर शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय आणि आघारकर संशोधन संस्था, तिथे गहू-सोयाबीनवर वर्षानुवर्षं काम चाललंय. शास्त्रज्ञांना मेल करताना तीन ओळी पुरतात: आमचा प्रश्न हा, आम्ही आत्तापर्यंत हे केलं, तुमच्याकडून फक्त हे एक विचारायचंय. "प्लीज गाइड करा" एवढंच लिहिलेल्या मेलला उत्तर येणं अवघड.

टीम तीन-चार जणांची ठेवा आणि कामं खरंच वाटून घ्या, एकजण फक्त वाचन, एकजण मोटर-वायरिंग, एकजण मोजमाप. मुलाखतीत सगळ्यांनाच विचारतात.

आणि निवड नाही झाली तर तोच डेटा वाया घालवू नका. सहावी आणि नववीची मुलं होमी भाभा बालवैज्ञानिकच्या कृतिसंशोधनात असा विषय घेऊ शकतात, मोठी मुलं आयआरआयएसच्या राष्ट्रीय विज्ञान मेळ्यात, तिथूनच अमेरिकेतल्या रीजेनेरॉन आयसेफ या आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धेसाठी टीम निवडतात. फक्त त्यासाठी तारीख घातलेली वही पहिल्या दिवसापासून हवी, पेनाने लिहिलेली, खाडाखोड तशीच ठेवलेली, फोटोंची मूळ फाइल सांभाळलेली. जून-जुलैत प्रश्न शोधायला लागा, गणपतीच्या आसपास मोटर आणा, दिवाळीच्या सुट्टीत प्लेट लावा, जानेवारीपर्यंत लिखाण हातात असेल, आणि स्पर्धांच्या तारखा दरवर्षी बदलतात त्यामुळे त्या अधिकृत पानावरच बघा.